गाडी कोणाच्या स्वाधीन?

हैदराबाद संस्थानात पहिली आगगाडी आली ती वाडीच्या वाटेने. मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूरला जोडला गेला. त्याच मार्गावरील वाडी या लहानशा स्थानकापासून एक फाटा काढून तो निजामाच्या राजधानीपर्यंत न्यावा, असे ठरले. दिवाण पहिले सालारजंग यांच्या कारकिर्दीत हे काम झाले आणि ९ ऑक्टोबर १८७४ रोजी वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग खुला झाला. चित्तापूर, सेडम, तांडूर, विकाराबाद, शंकरपल्ली अशी गावे घेत जाणारा हा मार्ग लांबीने दोनशे किलोमीटरांहून थोडा कमीच भरतो. पुढे, ४ मार्च २०२२ रोजी, ह्याच मार्गावर गुल्लागुडा आणि चिटगिद्दा या दोन स्थानकांच्या दरम्यान दोन इंजिने मुद्दाम समोरासमोर सोडण्यात आली. एकात स्वतः रेल्वेमंत्री बसले होते, दुसऱ्यात रेल्वे मंडळाचे अध्यक्ष. ड्रायव्हरने ब्रेकला हात लावावयाचा नाही, असे ठरलेले होते. समोरच्या इंजिनापासून ३८० मीटर अंतरावर इंजिन आपोआप थांबले.

या दोन तारखांच्या मधल्या जवळजवळ दीडशे वर्षांत रेल्वेला एकाच प्रश्नाने छळले आहे. ही गाडी या क्षणी कोणाच्या स्वाधीन आहे, हा तो प्रश्न. मागच्या स्थानकाच्या? पुढच्या स्थानकाच्या? की दोघांच्या मधोमध, कोणाच्याच नाही? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. त्याचा शेवटचा अध्याय बिनतारी लहरींचा आहे. परंतु पहिला अध्याय समजल्याशिवाय शेवटचा नीट उमगत नाही, असे मला वाटते.

आरंभी मार्ग एकेरी होते. दोन स्थानकांच्या मध्ये रुळांची एकच जोडी, आणि तिच्यावरून दोन्ही दिशांच्या गाड्या जावयाच्या. दोन्ही टोकांचे स्टेशनमास्तर एकमेकांच्या दृष्टीआड. त्यांच्यामध्ये दुवा एवढाच, की तारायंत्र. 'गाडी सोडू का?' असे एकाने विचारावयाचे, 'सोडा, वाट मोकळी आहे' असे दुसऱ्याने कळवावयाचे, आणि तो निरोप कागदावर उतरवून ड्रायव्हरच्या हाती द्यावयाचा. रेल्वेच्या बोलीत याला 'लाइन क्लिअर' म्हणतात. ही पद्धत साधी होती, पण तिचा सारा भार माणसाच्या स्मरणावर होता. रात्रपाळीचा थकलेला मास्तर एक गाडी आधीच सोडली आहे हे विसरला, तर तारायंत्र त्याला आठवण करून देत नसे.

यावर जो उपाय निघाला तो मला आजही फार सुंदर वाटतो. नील याच्या नावाने ओळखले जाणारे यंत्र आपल्याकडील एकेरी मार्गांवर वर्षानुवर्षे चालले. यंत्राचे एक भावंड या स्थानकात, दुसरे पुढच्या स्थानकात. दोन्ही तारेने जोडलेली. आत पोलादी गोळे. पुढच्या स्टेशनमास्तराने आपल्या यंत्रावरून संमती दिल्याशिवाय मागच्याला गोळा बाहेर काढताच येत नसे. आणि एकदा एक गोळा बाहेर पडला, की तो दोहोंपैकी कोणत्या तरी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नसे. गोळा म्हणजे परवाना. तो जवळ नसेल तर ड्रायव्हरने पुढे जावयाचे नाही. मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी बांधून तीत हा गोळा घालीत. फलाटाच्या टोकाला उभा असलेला पोर्टर ते कडे उंच धरी आणि चालत्या इंजिनावरील माणूस ते दंडात अडकवून घेई. त्याच क्षणी मागच्या टप्प्याचे कडे तो खाली फेकी. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी हे दृश्य खिडकीतून पाहिले असेल, आणि तो एक प्रकारचा खेळच आहे, असे त्यांना वाटले असेल.

तो खेळ नव्हता. त्यात एक नियम मुरलेला होता: घेणारा 'घेतले' असे म्हणेपर्यंत देणाऱ्याने सोडावयाचे नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, असे आपण म्हणतो. ह्या यंत्राने ती गोष्ट लोखंडात ओतली होती. आणि दुसरी गोष्ट अशी, की यंत्र बिघडले, तार तुटली, तर गोळा निघतच नसे आणि गाडी उभी राही. प्रवासी वैतागत, पण जिवंत राहत.

आता हा गोळा हातातून न देता हवेतून द्यावयाचा असेल तर काय होईल, ते पाहू. त्यासाठी रेल्वे क्षणभर बाजूला ठेवून बिनतारी संदेशांकडे वळले पाहिजे.

धावत्या मोटारगाडीशी बिनतारी बोलण्याची गरज पोलिसांना भासली. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ साली गाड्यांमध्ये संदेश ऐकण्याची सोय केली; पण ती एकमार्गी होती. गाडीतल्या शिपायाला ऐकू येई, उत्तर देता येत नसे. न्यू जर्सीतील बेयॉन येथे १९३३ साली दुमार्गी बोलणे सुरू झाले. या सगळ्यांत शहराला मनोरा एकच असे. तो जिथवर पोहोचेल तिथवर बोलणे, पुढे शांतता. हस्तांतराचा प्रश्न नव्हता, कारण हस्तांतर करावयास दुसरा कोणी नव्हताच.

बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्ये एक टिपण लिहिले. एका मोठ्या मनोऱ्याऐवजी लहानलहान मनोरे उभारून प्रदेशाचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनी घर पाडावे, म्हणजे तोच लहरपट्टा दूरच्या घरांत पुन्हापुन्हा वापरता येईल, अशी त्यामागील कल्पना. लहरपट्टा ही मर्यादित दौलत आहे. ती काटकसरीने वापरण्याची ही युक्ती होती. परंतु काटकसर केली की दुसरीकडे खर्च वाढतोच. घरे लहान झाली म्हणजे बोलता बोलता एका घरातून दुसऱ्यात जाणे आले. माणसाला न कळता त्याचे संभाषण एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपविणारी यंत्रणा त्या वेळच्या साधनांनी साधण्याजोगी नव्हती. म्हणून टिपण लिहिल्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ गेला, आणि १९७९ साली टोकियोत असे मोटारफोन व्यापारी तत्त्वावर सुरू झाले.

संभाषण जुळते कसे, हे समजून घ्यावयाचे तर वर्गखोलीकडे पाहावे. पन्नास मुले एकाच वेळी बोलू लागली तर कोणाचेच ऐकू येत नाही. म्हणून आपण हात वर करावयास सांगतो. मूल हात वर करते, शिक्षक नाव घेतात, मग ते मूल बोलते. अंकीय बिनतारी जाळ्यात हेच घडते. एक लहरपट्टा केवळ हात वर करण्यासाठी राखून ठेवलेला असतो. वायरलेस संच त्यावर 'मला बोलावयाचे आहे' एवढेच सांगतो. मनोरा उत्तर देतो, 'अमुक पट्ट्यावर जा, तमुक क्षणाचा तुकडा तुझा.' दोन संचांनी एकाच क्षणी हात वर केले तर दोन्ही विनंत्या एकमेकींत मिसळून नष्ट होतात. मग दोघेही वेगवेगळा, नेम नसलेला काळ थांबून पुन्हा प्रयत्न करतात. हा शहाणपणा हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांचा. १९७१ साली त्यांनी बेटाबेटांवरील संगणक असे जोडून दाखविले. दोन भांडखोर मुलांना समजावताना मी या युक्तीचा दाखला देतो. त्यांना तो पटतोच असे नाही.

पोलीस, अग्निशामक दल आणि मेट्रो रेल्वे यांच्यासाठी युरोपात १९९५ साली 'टेट्रा' नावाचे मानक ठरले. दिल्लीची मेट्रो याच पद्धतीवर बोलते. तीत २५ किलोहर्ट्झच्या एका पट्ट्याचे काळाच्या मापाने चार तुकडे पाडतात, आणि चार संभाषणे पाळीपाळीने त्याच पट्ट्यावरून जातात. हा फेरा इतक्या त्वरेने फिरतो, की कानाला खंड जाणवत नाही. बटण दाबल्यापासून बोलणे जुळेपर्यंत अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागावा, ही अपेक्षा. कारण आगीच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला घंटी वाजण्याची वाट पाहता येत नाही.

पण खरी परीक्षा होते ती दोन मनोऱ्यांच्या सीमेवर. आपल्या मनोऱ्याचा आवाज क्षीण होऊ लागला आहे आणि शेजारच्याचा वाढतो आहे, हे संच स्वतः मोजत असतो. शेजारचा किंचित बरा वाटला, की लगेच तिकडे उडी मारावयाची नाही. नाहीतर सीमेवरचा संच उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा आत-बाहेर करीत राहील. फरक पुरेसा झाला आणि काही काळ टिकला, तरच निघावयाचे. निघण्याच्याही रीती आहेत. एखादा संच न सांगता निघून जातो आणि नव्या घरी जाऊन पुन्हा पहिल्यापासून ओळख देतो; मधले दोन शब्द हरवतात. दुसरा जुन्या मनोऱ्याला 'मी निघालो' असे सांगून जातो. आणि सर्वांत शिस्तीचा तो, जो जुन्या मनोऱ्यामार्फतच नव्या ठिकाणी आपली जागा आधी राखून घेतो आणि मग पाऊल उचलतो. या तिसऱ्या रीतीत मला तो फलाटावरचा पोर्टर दिसतो. गप्पांमधले दोन शब्द हरवले तर बिघडत नाही. पण 'थांबा' हाच शब्द हरवला तर? रेल्वेला तिसऱ्या रीतीवाचून गत्यंतर नव्हते.

भारतात या दिशेने पहिले धाडस कोकण रेल्वेने केले. गैसल येथे १९९९ च्या ऑगस्टमध्ये दोन गाड्या समोरासमोर आदळून अडीचशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या काळात कोकण रेल्वेचे बी. राजाराम यांच्या पुढाकाराने 'रक्षाकवच' हे साधन तयार झाले. प्रत्येक गाडी उपग्रहावरून आपले ठिकाण ओळखणार आणि बिनतारीने शेजारच्या गाडीला सांगणार. कल्पना मोठी होती, पण उपग्रहाला दोन रुळांमधले चार-पाच मीटरांचे अंतर भरवशाने ओळखता येत नसे. स्थानकात शेजारच्या रुळावर निरुपद्रवी उभी असलेली गाडी समोरून येणारी वाटू लागे आणि ब्रेक लागत. जे यंत्र वारंवार विनाकारण ओरडते त्याच्यावरचा माणसाचा विश्वास उडतो, आणि लांडगा खरोखर आला तेव्हा कोणी धावत नाही. ईशान्य सीमांत रेल्वेवर हे साधन बसविले गेले, परंतु ते देशभर पसरले नाही. तरीही त्या प्रयत्नाला कमी लेखणे मला योग्य वाटत नाही; कारण पुढचे पाऊल त्याच्याच चुका पाहून टाकले गेले.

ते पाऊल पडले हैदराबादेत. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेने आराखडा केला. यंत्रे बनविणाऱ्या पहिल्या तीन कंपन्या, मेधा, एचबीएल आणि कर्नेक्स, तिन्ही याच शहरातल्या. प्रयोगासाठी जागा निवडली ती १८७४ सालच्याच मार्गावर: लिंगमपल्लीहून विकाराबादमार्गे वाडी, आणि त्याच्या जोडीला विकाराबादहून बीदर. प्रवासी गाड्यांवर चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या. जुलै २०२० मध्ये ही राष्ट्रीय पद्धत म्हणून स्वीकारली गेली आणि तिला 'कवच' हे नाव रूढ झाले.

कवचाने उपग्रहाच्या भरवशावर रूळ ओळखण्याचा नाद सोडला. रुळांमधील स्लीपरवर लहान चकत्या बसविल्या. इंजिन वरून गेले की चकती त्याला सांगते, तू अमुक रुळावर, अमुक ठिकाणी आहेस. प्रत्येक स्थानकात एक यंत्र आणि एक उंच मनोरा. स्थानकाच्या यंत्राला सिग्नल कसे आहेत हे ठाऊक असते. इंजिन त्याच्या टापूत आले की सर्वांसाठी खुल्या असलेल्या लहरपट्ट्यावर हात वर करते. स्थानक त्याला स्वतंत्र पट्टा आणि दोन सेकंदांच्या चक्रातील एक तुकडा नेमून देते. मग दर चक्राला देवघेव. इंजिन म्हणते, मी येथे आहे, माझा वेग इतका. स्थानक म्हणते, तुला इथपर्यंतच जाण्याची मुभा आहे. ताशी १३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ७० मीटरांहून अधिक अंतर कापते, आणि तिला थांबावयास त्याच्या कितीतरी पट अंतर लागते. म्हणून मुभेची मर्यादा नेहमी पुढची असते आणि ब्रेक कधी लावावयाचे याचे गणित इंजिन स्वतः मांडीत असते.

आता गाडी पुढच्या स्थानकाच्या हद्दीकडे येते. दोन्ही मनोऱ्यांच्या लहरी मध्ये एकमेकींवर पसरलेल्या असतात. मागचे स्थानक जमिनीतील काचतंतूच्या तारेवरून पुढच्याला कळविते, की अमुक गाडी येत आहे. पुढचे स्थानक आपल्याकडील वाट मोकळी आहे किंवा नाही ते सांगते, गाडीशी स्वतः बोलणे जुळविते, आणि 'घेतली' असा उलट निरोप धाडते. तो निरोप येईपर्यंत मागच्याची जबाबदारी सुटत नाही. पोलादी गोळ्याच्या यंत्रात जी संमती होती, तीच ही. आणि लहरी तुटल्याच, तर? तर इंजिन जुन्या मुभेपलीकडे जात नाही. दुसऱ्या टोकाकडून उत्तर नाही, याचा अर्थ ते 'सर्व ठीक आहे' असा घेत नाही. 'थांब' असा घेते. टेलिफोनवर आवाज तुटला तर आपण 'हॅलो, हॅलो' करीत राहतो. ती मुभा इंजिनाला नाही.

हे सारे कोणासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर मी काचिगुड्याचे नाव घेईन. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी हैदराबादच्या काचिगुडा स्थानकात एक लोकल गाडी कुर्नूलहून आलेल्या एक्सप्रेसवर आदळली. वेग फार नव्हता, म्हणून प्रवासी जखमी होऊन बचावले. परंतु लोकलचा ड्रायव्हर चेपलेल्या कक्षात सुमारे आठ तास अडकून राहिला. लोखंड कापून त्याला जिवंत बाहेर काढले; पाच दिवसांनी रुग्णालयात तो वारला. कवचाचे प्रयोग ज्या मार्गावर चालले होते तो शहराच्या पश्चिमेला होता. काचिगुडा त्यात नव्हते.

त्यानंतर दक्षिण मध्य रेल्वेने या पद्धतीचा विस्तार केला आणि तो १,४६५ किलोमीटरांपर्यंत गेला. यात मराठी वाचकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट ही, की त्याचा मोठा भाग आपल्या मराठवाड्यातून जातो. मनमाडहून औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, मुदखेड असा निजामाच्या काळी मीटर गेजने बांधलेला आणि पुढे ब्रॉड गेज झालेला मार्ग, आणि परभणीहून परळी वैजनाथमार्गे बीदरकडे जाणारा मार्ग, असे दोन्ही त्यात आले. मुंबईच्या उपनगरांत जे साधन पोहोचले नव्हते ते परळीच्या मार्गावर आधी आले. मराठवाड्याच्या वाट्याला एखादी गोष्ट अगोदर येण्याचा योग क्वचितच येतो, म्हणून याची नोंद केली पाहिजे.

तथापि कवचाविषयी जे जाहीरपणे सांगितले जाते त्यात उत्साह अधिक आणि तपशील कमी असतो. दहा हजार वर्षांत एक चूक, असे त्याचे वर्णन होते. तपासून पाहावयास आपल्यापैकी कोणी उरणार नाही. ओडिशातील बहानगा बाजार येथे २ जून २०२३ रोजी २९० हून अधिक माणसे मेली, तेव्हा त्या मार्गावर कवच नव्हते, आणि ते असते तर अपघात टळला असता, असे पुष्कळांनी लिहिले. परंतु चौकशीत दोष आढळला तो सिग्नलच्या तारांची जोडणी बदलण्याच्या कामात. सिग्नल 'सरळ जा' म्हणत होता आणि सांधा बाजूच्या रुळाकडे वळलेला होता. कवचही सिग्नलच्या सांगण्यावरच चालते. ज्याच्याकडून ते सत्य ऐकते तोच चुकीचे बोलू लागला, तर हस्तांतर कितीही बिनचूक झाले तरी त्याचा उपयोग नाही.

दुसरी अडचण जागेची आहे. दोन सेकंदांच्या चक्रात तुकडे मोजकेच पडतात. विकाराबादसारख्या जंक्शनला ते पुरतात. पण जेथे एकाच वेळी डझनांनी इंजिने हालत असतात त्या मोठ्या यार्डात सर्वांनी हात वर केले तर प्रत्येकाची पाळी येणे कठीण. सिकंदराबादेत १९५७ सालापासून रेल्वेची सिग्नल आणि दूरसंचार प्रशिक्षण संस्था आहे. पोलादी गोळ्याच्या यंत्रापासून कवचापर्यंतचे शिक्षण घेतलेले तंत्रज्ञ तेथून देशभर गेले. १६ जुलै २०२४ रोजी कवचाच्या चौथ्या सुधारित आवृत्तीला मान्यता मिळाली. तीत मोठ्या यार्डांचा विचार अधिक केलेला आहे.

त्याही आधी, ९ जून २०२१ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेसाठी ७०० मेगाहर्ट्झच्या भागात ५ मेगाहर्ट्झचा लहरपट्टा राखून ठेवला. त्यावर आपल्या हातातील टेलिफोनसारखेच चौथ्या पिढीचे जाळे उभारावयाचे आहे. ते आले म्हणजे पाळीचा प्रश्न बराच हलका होईल. परंतु आज केव्हा निघावयाचे आणि कोणी घ्यावयाचे हे दोन स्थानकेच आपसांत ठरवितात. त्या जाळ्यात मनोरे अधिक असतील, ते स्थानकांच्या हद्दी पाहून उभे राहणार नाहीत, आणि एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा निर्णय जाळे घेईल. लहरींचे हस्तांतर एकाच्या हाती आणि गाडीच्या जबाबदारीचे हस्तांतर दुसऱ्याच्या, अशी ती विभागणी होईल. तांडूर आणि सेडम यांच्या मधोमध लहरींचा मनोरा बदलला आणि जबाबदारी मात्र अजून मागच्याच स्थानकाकडे आहे, अशी वेळ तेव्हा रोजच येईल.